सात मॅचींचं खोटं

नानांना मी खोटं बोलताना एकदाच पाहिलं, आणि ते बावीस दिवस चाललं.

नारायणगावच्या बाहेर, हायवेपासून थोडं आत, द्राक्षं परदेशी पाठवणारं एक पॅकहाऊस होतं. शेतीची पदवी घेतल्यावर मला तिथं पहिली नोकरी लागली. मी घोडेगावची, पण आळेफाट्याला मावशीकडे राहायचे आणि रोज सकाळी जीपने नारायणगावला यायचे. नाना बोरी बुद्रुकहून यायचे. त्यांची आणि माझी जीप बहुतेक एकच असे. पॅकहाऊसमध्ये येणारा प्रत्येक शेतकऱ्याचा माल तपासून घ्यायचा की परत पाठवायचा, हे ते ठरवत. वय साठीच्या अलीकडे, अंगकाठी वाळकी, आणि गळ्यात कायम एक लोकरी मफलर. पॅकहाऊसमधल्या थंड खोलीत सतत जा-ये असते, त्यामुळे मफलरचं कुणाला काही वाटत नसे. त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं, पण धुऊन धुऊन अक्षरं गेली होती.

पहिल्याच आठवड्यात जीपमध्ये शेजारी बसून ते मला म्हणाले, "मंडळी काल परत हरली."

आमच्याकडे जुनी माणसं बायकोला मंडळी म्हणतात. मला वाटलं, यांची बायको ग्रामपंचायतीला उभी होती की काय. मी विचारलं, "कितीने?"

"तीन-शून्य."

मी नारायणगावपर्यंत गप्प बसले. नंतर कळलं की नाना बायकोलाही मंडळी म्हणतात आणि इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबालाही. क्लबाचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण लिहून कुणाला काही कळणार नाही. टीव्हीवर दिसतात त्या मोठ्या क्लबांतला तो नव्हता. त्यांच्या खालच्या वर्गात खेळणारा, उत्तरेकडच्या एका जुन्या गिरणीगावाचा. मॅच टीव्हीवर नसायची. नानांनी ती मंडळी कधी खेळताना पाहिलीच नव्हती. फोनवर निकाल वाचायचा, एवढंच. तोही रात्री नाही. ते जेवून नऊला झोपत आणि पहाटे पाचला चहाबरोबर निकाल बघत. "निकाल कुठं पळून जातोय?" असं ते म्हणायचे.

हे वेड लागलं कसं, ते त्यांनीच मला सांगितलं. पॅकहाऊस नवीन होतं तेव्हा माल पाहायला इंग्लंडहून एक साहेब आला होता. उंच, अबोल माणूस. शनिवारी संध्याकाळी तो बेचैन झाला, फोन वर धरून आवारात फिरायला लागला. रेंज मिळेना. नानांनी त्याला पाण्याच्या टाकीवर चढवलं. तिथं त्याला निकाल कळला. खाली उतरून तो क्रेटवर बसला आणि त्याने डोकं हातात धरलं.

"मला वाटलं घरचं कुनी गेलं," नाना म्हणाले. "नंतर कळलं, त्याच्या गावाची मंडळी हरली व्हती. एवढा शिकलेला मानूस, लई वाईट वाटलं मला. जाताना त्यानं हा मफलर दिला. मंग पुढच्या शनिवारी मीच निकाल काढला, म्हनलं जिंकली असंल तर त्याला फोन करावा. तर परत हरलेली. आता मयत झालेल्या घरी दहाव्यापतुर जावं लागतं का न्हाई? मी जात ऱ्हायलो. पन दहावाच येईना."

अकरा वर्षं झाली होती. तो साहेब कधीच नोकरी सोडून गेला होता. नानांकडे त्याचा नंबरही उरला नव्हता.

पॅकहाऊसमधल्या पोरांनी त्यांना सुचवलं होतं की एखादा जिंकणारा क्लब धरा. नानांच्या आजोबांची मेंढरं होती. घाटावरून कोकणात आणि परत, अशी त्यांची सगळी हयात गेली. नाना म्हणत, "कळपात एक लंगडी मेंढी असतीच. समदे पुढं गेल्यावर तिच्याजवळ कुनीतरी थांबावं लागतं. माझा आजा थांबायचा."

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा खरेपणा. त्याचा लोकांना त्रास व्हायचा. त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याने एकदा सत्तर क्रेट आणले. नानांनी चार घड उचलले, मण्यांना माप घ्यायची कडी लावून पाहिली आणि म्हणाले, "पाव्हणं, मणी बारीक हाय. न्ह्या परत." मेव्हणा दोन वर्षं त्यांच्या घरी आला नाही. एका लग्नात जेवण कसं झालं म्हणून मुलीच्या बापाने हात जोडून विचारलं, तर नाना म्हणाले, "मठ्ठा आंबला व्हता." वाईट हेतू नसायचा. विचारलं की ते सांगत. म्हणून शेतकरी त्यांना शिव्याही देत आणि तपासणीला नानाच हवेत असंही म्हणत.

त्या वर्षी मंडळीची अवस्था फार बिकट होती. त्या वर्गात चोवीस क्लब असतात आणि वर्षाच्या शेवटी तळाच्या तिघांना आणखी खालच्या वर्गात ढकलतात. मंडळी तळापासून चौथी होती. त्यात डिसेंबरचा मध्य आला. तिकडे नाताळच्या सुमाराला मॅचची अशी दाटी होते की दर तीन-चार दिवसांनी एक. नाना आश्चर्याने म्हणायचे, "सणाच्या दुसऱ्या दिवशीबी खेळत्यात राव. आपल्यात दिवाळीच्या पाडव्याला कुनी खुरपायला जाईल का?" एका पुठ्ठ्यावर मार्करने त्यांनी त्या सगळ्या मॅच लिहून टेबलामागे लावल्या. सात होत्या. यात काय ते ठरणार, असं त्यांचं म्हणणं.

आणि त्याच आठवड्यात नानांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, ऑपरेशन ठरलं.

काकूंना वर्षभर दम लागत होता. हृदयाची एक झडप बदलावी लागेल असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तारीख मिळाली ती नेमकी या दाटीतली. नानांनी रजा टाकली, पुठ्ठा काढून पिशवीत घातला आणि पुण्याला गेले. नाशिकला दिलेली मुलगी आईजवळ रात्री थांबायला आली. दिवसा नाना.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी काकूंना अतिदक्षता विभागातून बाहेर आणलं. डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं की पेशंटच्या मनाला त्रास होईल असं काही बोलू नका. डॉक्टर ते प्रत्येकालाच सांगत असणार. पण नाना सांगितलेलं शब्दशः घेणारे.

त्या दुपारी मला फोन आला. "म्याडम, माझ्याकडनं एक खोटं झालं."

मला वाटलं, हॉस्पिटलच्या कागदावर काहीतरी चुकलं. ते म्हणाले, "तिनं डोळं उघडलं. पानी मागितलं. आन् मंग इचारलं, काल काय झालं तुमच्या मंडळीचं."

अकरा वर्षं ते पहाटे चुलीपाशी बसून निकाल मोठ्याने वाचत होते. काकू भाकरी थापत असायच्या. त्यांनी कधी हूं की चूं केलं नव्हतं. नानांची समजूत होती की आपण भिंतीला सांगतो.

"तुम्ही काय सांगितलं?"

"शून्य-चारनं हरली व्हती. मी त्या मशीनकडं पाह्यलं, तिच्या काळजाचा आकडा पळत व्हता त्याच्यावर. आन् माझ्या तोंडातनं गेलं, जिंकली, दोन-एक." मग म्हणाले, "तिला लई बरं वाटलं. झोपली लगीच."

मी म्हटलं, "मग चांगलंच झालं की नाना. एवढ्या-तेवढ्याने काय होतंय."

"पन तीन दिसांनी परत मॅच हाय," नाना म्हणाले.

दुसरी मॅच मंडळी शून्य-तीनने हरली. नानांनी एक-एक बरोबरी सांगितली. मी रविवारी एसटीने पुण्याला गेले तेव्हा त्यांनी मला जिन्यात थांबवून एक वही दाखवली. डाव्या पानावर खरा तक्ता, उजव्या पानावर काकूंचा. कुठे काय सांगितलं ते विसरायला नको म्हणून लिहून ठेवलं होतं. "खोटं बोलनं अवघड न्हाई म्याडम, तोंड उघडलं की येतं. ते सांभाळनं अवघड हाय."

मी आत गेले. काकूंना मी याआधी दोनदाच भेटले होते. लहानखुऱ्या, हसऱ्या. नळ्या लावलेला हात न हलवता त्यांनी मला खुणेनं जवळ बसवलं आणि विचारलं, "पोरी, तू बी बघतीस का गं ह्यांची मंडळी?"

नाना माझ्या मागे उभे होते. मी म्हटलं, "हो काकू. चांगली खेळतायत सध्या."

"मला वाटतच व्हतं," काकू म्हणाल्या. "अकरा वरसं मी ऐकतीया. कधीतरी फिरायचंच की त्यांचं बी."

बाहेर आल्यावर नाना माझ्याकडे बघेनात. आपल्यामुळे दुसऱ्या माणसालाही खोटं बोलावं लागलं, याची त्यांना लाज वाटत होती.

तिसरी मॅच नाताळच्या दुसऱ्या दिवशीची. एक-दोनने हरली. निकाल कळला त्या सकाळी काकूंना ताप होता. नानांनी एक-शून्य जिंकल्याचं सांगितलं. काकूंनी विचारलं, "गोल कुनी केला?" याची तयारी नव्हती. नानांनी त्या क्षणी मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बचावपटूचं नाव घेतलं. हा माणूस चार वर्षांत एकदाही गोल करू शकला नव्हता आणि त्या मॅचमध्ये तर बाकावर बसून होता. काकू तापात हसल्या. म्हणाल्या, "त्यो का, तुमी म्हनता गुडघे दुखत्यात त्याचे. बरं झालं बिचाऱ्याचं." नाना मला फोनवर म्हणाले, "म्याडम, त्या मानसाला ठावं बी न्हाई की बोरीत त्याच्या नावावर एक गोल हाय."

ताप दोनदा आला आणि मुक्काम वाढत गेला. चौथ्या मॅचला खरोखरच दोन-दोन बरोबरी झाली, तेव्हा नानांचा आवाज मोकळा होता. "आज खरं बोलायला मिळालं." पाचवी हरली, शून्य-एक. ती त्यांनी हरलेलीच सांगितली. सगळंच चांगलं सांगितलं तर तिला संशय येईल, असं मला कारण दिलं. मला वाटतं, त्यांना आता खोट्याचा शीण आला होता. हरल्याचं ऐकून काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आसू द्या. रोज कुठं जिंकतंय कुनी." नानांना ते एक वाक्य दोन दिवस पुरलं.

सहावी एक-तीनने हरली, काकूंना दोन-शून्य जिंकल्याची सांगितली. आणि सातवी मंडळी खरी जिंकली. एक-शून्य. दोन महिन्यांतला पहिला विजय. मी त्या दिवशी पुण्यातच होते. नाना जवळजवळ पळत वॉर्डात गेले आणि म्हणाले, "जिंकली. एक-शून्य."

काकू केस विंचरून घेत होत्या. म्हणाल्या, "हां. बरं." आणि मुलीला म्हणाल्या, "मागनं जरा घट्ट घाल वेणी."

त्यांच्या लेखी तो चौथा विजय होता. नाना व्हरांड्यात येऊन बाकावर बसले. मी चहा आणला. तो हातात धरून ते म्हणाले, "खरी जिंकली ती, म्याडम. आन् मी एकटाच."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काकू घरी आल्या. त्यांच्या तक्त्यात मंडळी मधोमध, सुखरूप. खऱ्या तक्त्यात तळापासून दुसरी. नानांनी ठरवलं होतं की आता मॅच कमी होतील, हळूहळू हरवत नेऊ आणि उन्हाळ्यापर्यंत दोन्ही पानं जुळवून आणू. मला ते तीनतीनदा समजावून सांगत. आमच्याकडे हंगाम जोरात सुरू झाला होता, ट्रक दारात उभे असायचे. आणि मेव्हण्याचा माल सरळ परत पाठवणारा हा माणूस जीपमध्ये बसून मंडळीला कितीने हरवू म्हणून मला विचारायचा.

ते तसं घडलं नाही. त्याच आठवड्यातल्या रविवारी काकूंनी मला जेवायला बोलावलं. मी बोरीला पोचले तेव्हा त्या पडवीत बसून पाच नारळ सुतळीत ओवत होत्या. नाना समोर उभे होते.

"कसलं तोरण काकू?" मी विचारलं.

"नवस फेडायचाय भैरवनाथाचा."

नाना म्हणाले, "ऑपरेशनचा नवस म्या बोललोय. त्यो मी फेडीन."

"तुमी माझ्यासाठी बोलला आसाल," काकू म्हणाल्या. "आत न्हेत व्हते तवा मी तुमच्या मंडळीसाठी बोलले. म्हनलं, मी मेले तर हा मानूस पहाटंचं कुनाला वाचून दावनार? निदान ती तरी जिंकू दे. आन् देवानं ऐकलं. सातात चार जिंकल्या."

मी नानांकडे पाहिलं. ते खाली बसले. बराच वेळ त्यांनी पायातली चप्पल काढली, घातली. मग आत जाऊन वही आणली आणि म्हणाले, "म्या तुला खोटं सांगितलंय. चार न्हाई, एकच जिंकलीया."

काकूंनी सुतळी खाली ठेवली. "वाचा," त्या म्हणाल्या.

नानांनी सातही निकाल वाचले. काकू शांतपणे ऐकत होत्या. तिसऱ्याला त्यांनी विचारलं, "त्या गुडघेवाल्यानं गोल न्हाई केला?" नाना म्हणाले, "त्यो खेळलाच न्हाई." यावर मात्र काकूंचा चेहरा उतरला.

मला वाटलं होतं त्या हसतील, किंवा डोळ्यांत पाणी आणून काही म्हणतील. त्या रागावल्या. आवाज चढवला नाही, पण नानांना मान वर करता येईना. "मला फसीवलं ते फसीवलं. मी पडलेली व्हते, तुमाला काय सुचलं आसंल ते आसंल. पन मी रोज हात जोडून आभार मानले देवाचे. त्यानं न केलेल्या कामाचे. त्याला काय वाटलं आसंल?"

नानांनी वही मिटून काखेत घेतली.

"चला," काकू उठत म्हणाल्या. "तुमीच सांगा त्याला."

देऊळ गावाच्या कडेला होतं. काकूंना चालायला वेळ लागत होता, म्हणून आम्ही दोनदा थांबलो. दुपारी तिथं गुरवाशिवाय कुणी नव्हतं. काकू पायरीवर बसल्या. नानांनी मफलर काढून खांद्यावर टाकला, चष्मा घातला आणि भैरवनाथासमोर उभं राहून वही उघडली.

"पहिली मॅच. म्या सांगितलं, दोन-एक जिंकली. खरी शून्य-चार हरली. दुसरी मॅच. म्या सांगितलं, एक-एक. खरी शून्य-तीन." ते पॅकहाऊसमध्ये माल नाकारताना बोलत, त्याच आवाजात वाचत होते. चौथीला म्हणाले, "ही खरीच सांगितली." गुरव हातातला झाडू टेकवून ऐकत होता. त्याने मला हळूच विचारलं, "कसली मॅच वं?" मी त्याला गप्प राहण्याची खूण केली.

सात झाल्यावर नानांनी वही मिटली. "हिची चूक न्हाई. हिनं माझ्या सांगन्यावर आभार मानले. ते माघारी दे. आन् ह्या म्याडम बी माझ्यामुळं खोटं बोलल्या."

मला तोवर ते सगळं थोडं गमतीचं वाटत होतं. माझं नाव निघालं तेव्हा नकळत माझे हात जोडले गेले.

काकू पायरीवरूनच देवाला म्हणाल्या, "नवस तसाच ऱ्हायला बघा. वर टिकली तर नारळ." आणि तोरण परत घरी आणलं. त्या नारळांची आम्ही आठवडाभर डब्यात चटणी खाल्ली, कारण काकूंच्या मते नवीन नवसाला नवे नारळ लागतात.

त्यानंतर निकाल वाचायचं काम नानांकडे उरलं नाही. काकूंनी फोन आपल्या ताब्यात घेतला. पहाटे त्या चष्मा लावून आकडे वाचायच्या आणि नाना भाकरीला पीठ मळून द्यायचे. हे मला नानांनीच सांगितलं, आणि तेही तक्रारीच्या सुरात नाही.

शेवटची मॅच मे महिन्यात होती. त्या दिवशी तिकडे सगळ्या मॅच एकाच वेळी सुरू होतात. आपल्याकडचे संध्याकाळचे पाच. मी नोकरी सोडून नाशिकला जाणार होते, म्हणून निरोप घ्यायला बोरीला गेले होते. मंडळी जिंकली तर वाचणार होती. अंगणात बाजेवर काकू फोन घेऊन बसल्या, नाना खाली घोंगडीवर. मंडळीने आधी गोल केला. मग समोरच्यांनी फेडला. शेवटची दहा मिनिटं काकू दर मिनिटाला "तेच हाय" असं सांगत होत्या. सात वाजायला आले.

"संपली," काकू म्हणाल्या. "एक-एक."

"खरं?"

"खरं."

नानांनी थोडा वेळ मातीवर बोटाने काहीतरी रेघा ओढल्या. "मंग उतरली," ते म्हणाले.

"खालच्या वर्गात बी मॅची आसतातच ना?" काकूंनी विचारलं.

"आसतात की. ऑगस्टला सुरू व्हतील."

काकूंनी फोन पदराने पुसला, चष्मा काढला आणि बाजेवरून उतरल्या. नानांनी त्यांची चप्पल पुढे केली. उतरल्याचं आजच्या आज सांगून यायला हवं, यावर दोघांचं एकमत होतं. मला फाट्याकडे जाणारी जीप मिळेपर्यंत ते माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आले, आणि मग देवळाकडे वळले. नाना पुढे, आणि काकूंना दम लागू नये म्हणून दर वीस पावलांवर थांबत.